भट्टी विझेपर्यंत

आमच्या खव्याच्या भट्टीला रविवार नव्हता. म्हशीला रविवार नसतो म्हणून दुधाला नसतो, आणि दुधाला नसतो म्हणून आम्हाला नव्हता. पोळा असो, पाडवा असो, गावात कुणाचं लग्न असो, सकाळी सहाला दूध दारात येऊन उभं राहायचं. दूध हा फार उद्धट पाहुणा. आला की हातातलं सगळं टाकून त्याच्याकडेच बघायचं. जरा मान वळवली की नासतो.

वाशी तालुक्यातलं आमचं गाव. भट्टी म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, चार चुली, चार लोखंडी कढया, बाभळीची लाकडं आणि धूर. शेडची भिंत आणि आमच्या घराची मागची भिंत एकच. भट्टी सासऱ्यांनी सुरू केली, ते गेल्यावर सासूनं चालवली, आणि मी लग्न होऊन आले त्याच्या आठव्या दिवशी सासूनं लांब दांड्याचं उलथणं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "अंगाची हळद हाय तवर शिकून घे. पुन्हा शिकवायला मला येळ न्हाय." मला वाटलं, गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. दूध उकळेपर्यंत नवशिक्यालाही जमतं. ते आटून दाटसर झालं, कढईत फुटफुट आवाज यायला लागला, की मग हात थांबवायचा नसतो. थांबला की बुडाला लागलं, आणि बुडाला लागलेला खवा गाढवसुद्धा खात नाही, व्यापारी कुठून घेणार? एक कढई उतरली की तो एक घाणा झाला. सकाळी सहा ते बारापर्यंत घाण्यामागून घाणा.

कागदावर मात्र मालकीण मी. बायकांच्या नावावर योजना लवकर मंजूर होते असं नवऱ्याला कुणीतरी सांगितलं आणि भट्टी माझ्या नावावर झाली. त्यासाठी तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक सर फळ्यावर गोल काढून सांगत होते, "आता तुम्ही कुणाच्या नोकर नाही. मनात आलं तर काम, मनात आलं तर सुट्टी." माझ्या शेजारी पापड-कुरड्या करणारी एक बाई बसली होती. तिनं हात वर केला. "सर, आमी आजारी पडलो तर रजा कोण देतंय?"

"तुम्हीच द्यायची. तुम्हीच मालक."

"मग सर, माझा मालक लई खडूस हाय बघा," ती म्हणाली आणि सगळा हॉल हसला. सरही हसले. तिसऱ्या दिवशी आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. माझ्या प्रमाणपत्रावर 'यशस्वी उद्योजिका' असं लिहिलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

त्या खडूस मालकाची ओळख मला लवकरच पटली. एका पावसाळ्यात नवऱ्याला डेंगू झाला. दूध गोळा करायचं काम त्याचं. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून तो तीन वस्त्या फिरायचा. तो बार्शीला दवाखान्यात, त्याच्याजवळ मी, आणि म्हाताऱ्या सासूला एकटीला चार कढया होणार कशा? चार दिवस भट्टी बंद राहिली. पाचव्या दिवशी पेटवली तेव्हा सात घरांचं दूध हायवेवरच्या मोठ्या भट्टीला जायला लागलं होतं. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. धार काढलेलं दूध काय कपाटात ठेवायचं? आणि एकदा दुसरीकडे गेलेला कॅन परत येत नाही. त्या चार दिवसांची भीती माझ्या अंगात जी बसली, ती बसलीच. मग मला ताप आला तरी मी चुलीपुढं असे. गर्भ पडला तेव्हाही तिसऱ्या दिवशी उलथणं हातात होतं. सासू म्हणाली होती, "बस अजून दोन दीस." मीच बसले नाही.

ही सासू. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. मी तिला आत्याबाई म्हणायचे. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. चाळीस वर्षं धुरात उभी राहून तिचे डोळे कायम लाल असत आणि आवाज पुरुषासारखा घोगरा झाला होता. तिच्या दोन लेकरांचं सगळं लहानपण "एवढा घाणा उतरू दे" हे ऐकण्यात गेलं. लेकरू पडलं, रडलं, भुकेलं, तापानं फणफणलं, तरी एवढा घाणा उतरू दे. नवरा हे हसत सांगायचा. नणंद सांगायची तेव्हा हसायची नाही.

शेवटच्या वर्षी आत्याबाईंना दम लागायला लागला. चार पावलं टाकली की बसायच्या. धाराशिवच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून विचारलं, "विडी ओढतात का?" मी म्हटलं, नाही, भट्टी आहे. ते म्हणाले, "एकच झालं. धुरापासून लांब ठेवा." लांब म्हणजे कुठं? दोन खोल्यांचं घर, त्यातली मागची भिंत भट्टीची. आम्ही खाट पुढच्या खोलीत आणली आणि मागच्या दाराला गोधडी लावली. एवढंच लांब ठेवता आलं.

नवरात्र तोंडावर आलं आणि त्यांनी अंथरूण धरलं. नवरात्रात तुळजापूरच्या पेढ्यांना खवा लागतो. वर्षाची आमची खरी कमाई त्या दिवसांतली. माझी मुलगी धाराशिवला वसतिगृहात शिकायला होती, म्हणजे घरात कामाला माणसं दोनच, मी आणि नवरा. नणंद अणदूरहून आली, चार दिवस राहिली. रात्रंदिवस आईच्या उशाशी बसून होती. पण तिचंही सोयाबीन काढून पडलेलं, वरून आभाळ आलेलं. पाचव्या दिवशी तिला जावं लागलं. जाताना तिनं मला अंगणात बाजूला घेतलं.

"वहिनी, आईचं काय आता खरं न्हाय. ते मला बी दिसतंय. पर तिला एकटीला सोडू नका. लहानपणी आमाला तिच्याजवळ बसायला मिळालं न्हाय, तिला तरी शेवटी कुणीतरी जवळ असावं. एवढंच मागते तुमाला."

"वन्सं, तुमी काळजी करू नका," मी म्हटलं. "मी हाय की."

हे मी म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

त्यानंतरचा तिसरा दिवस. सहाला दूध आलं. व्यापाऱ्याला नवरात्राचा पहिला माल त्याच दिवशी पाठवायचा होता, म्हणून नवऱ्यानं नेहमीपेक्षा जास्त दूध गोळा केलेलं. अठरा घरांचे कॅन ओळीनं उभे होते. कढया चढवून सातच्या सुमाराला मी आत्याबाईंना चहा द्यायला आत गेले. दोन घोट त्यांनी घेतले. मग माझा हात धरला. पकड कसली, नुसतीच बोटं टेकवलेली.

"आज राहू दे भट्टी," त्या म्हणाल्या. "बस माझ्यापाशी."

अख्ख्या जन्मात या बाईनं भट्टी राहू दे असं कुणाला म्हटलं नव्हतं. मला तिथंच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. पण मागं दोन कढया फुटफुटत होत्या, आणि माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते त्यांच्याच तोंडचं होतं.

"एवढा घाणा उतरवते अन् येते, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. रागानं नाही. ज्याला कामाची पद्धत ठाऊक आहे त्याच्यासारखं म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं.

एक घाणा उतरला. जाणार तेवढ्यात दुसरी कढई दाटायला आली, नवरा लाकडं आणायला गेलेला. तीही उतरवली. मग हात धुतले आणि आत गेले. आठ वाजले असतील. त्या गेल्या होत्या. तोंड भिंतीकडेच होतं. कपाळाला हात लावला तर ऊब होती, पण माणूस नव्हतं.

मला काय वाटलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मला आधी रडू आलं नाही. राग आला. अजून दोन तास थांबता आलं नाही का, असं माझ्या मनात आलं. मग त्या विचाराची इतकी लाज वाटली की मी पदर तोंडात कोंबून जमिनीवर बसले.

आमच्याकडे रीत अशी, की घरात मढं असेपर्यंत त्या घरातच काय, त्या गल्लीतही चूल पेटत नाही. पेटलेली असली तर विझवतात. आणि सुतकाच्या घरचा खवा देवाच्या पेढ्याला चालत नाही. माझ्या एका हंबरड्यासरशी चारही चुली विझल्या असत्या आणि अठरा घरांचं दूध गटारात गेलं असतं. नवरा लाकडं घेऊन आला, तेव्हा मी दारात उभी होते. माझं तोंड बघून त्याला कळलं. तो आत गेला, आईच्या पायावर डोकं ठेवून थोडा वेळ बसला आणि बाहेर आला. त्यानं कॅनकडे बघितलं. बोलले मी.

"टेम्पो दहाला येतो. माल गेला की सांगू."

आज शहाण्यासारखा विचार केला तर दिसतं, की पुढं तेरा दिवस भट्टी बंद राहणारच होती. एका दिवसाचं दूध वाचवून काय वाचणार होतं? शेतकरी असतो तर औत सोडून आलो असतो, मास्तर असतो तर अर्ज पाठवला असता. पण आम्हाला तेरा दिवस दिसलेच नाहीत. समोरचे कॅन तेवढे दिसले. वीस वर्षं रोज सकाळी तेवढेच बघायची डोळ्यांना सवय झालेली.

आम्ही पुढचं दार लोटून घेतलं आणि उलथण्यांनी खवा हाटायला लागलो. दोन कढया तो, दोन मी. एकमेकांकडे बघत नव्हतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण धुरात ते कुणाचंही चालतं, त्यामुळे दूध घालायला उशिरा आलेल्या एका म्हाताऱ्यालाही काही वावगं वाटलं नाही. त्यानं विचारलं, "म्हातारी काय म्हणायली?" मी म्हटलं, "झोपल्यात."

साडेनऊला नणंदेचा फोन आला. माझे हात भरलेले. नवऱ्यानं फोन माझ्या कानाला लावला. तिकडून मळणीयंत्राचा आवाज येत होता.

"वहिनी, आई कशी हाय?"

"झोपल्यात."

"रात्री दम लागला होता का?"

"न्हाय. शांत झोपल्यात."

"जरा तिच्या कानाला फोन लावता का? मी नुसतं आई म्हणते. तिला बरं वाटंल."

नवऱ्याच्या हातातला फोन माझ्या कानावर आपटत होता. मी म्हटलं, "आताच डोळा लागलाय, वन्सं. उठल्यावर लावते." ती म्हणाली, "बरं. मग मी आज मळणी उरकून घेते, उद्या येते." फोन बंद झाला आणि नवरा शेडच्या मागं निघून गेला. मी चारी कढया एकटीनं सांभाळल्या. कशा, ते आता आठवत नाही.

दहा वाजले, टेम्पो आला नाही. तुळजापूरकडे चालत निघालेल्या लोकांनी रस्ता भरला होता, असं पुढं कळलं. साडेदहा झाले. अकरा झाले. खव्याचे गोळे फडक्यात बांधून ओळीनं ठेवलेले, शेवटच्या दोन कढया अजून चुलीवर. तेवढ्यात शेजारची मावशी वाटीत भाताची पेज घेऊन पुढच्या दारानं सरळ आत गेली. गावात कुणाचं मढं झालं की आंघोळ घालायला तिलाच बोलावतात. मी उलथणं टाकून आत पळाले. तिनं आत्याबाईंचं तोंड सरळ केलं होतं आणि उघडा जबडा मिटवू बघत होती. तो मिटेना, ताठरला होता. मावशीनं माझ्याकडे बघितलं, मग मागच्या दाराच्या गोधडीकडे, जिच्या फटीतून धूर आत येत होता.

"कवा?" तिनं हळूच विचारलं.

"आठला."

तिनं लुगड्याचा काठ फाडून हनुवटीखालून पट्टी बांधली, आणि म्हणाली, "कुणापाशी बोलू नको. आता रड."

आणि मी रडले. इतकी रडले की गल्ली धावत आली. बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी. पुरुषांनी मागं जाऊन चुलींवर पाण्याच्या बादल्या ओतल्या. वाफेनं घर भरून गेलं. अर्धवट आटलेल्या दोन कढया तशाच राहिल्या.

टेम्पो साडेबाराला आला. ड्रायव्हरनं दारात टेकलेले बांबू बघितले, टोपी काढली, हात जोडले आणि गाडी वळवून गेला. त्याची काही चूक नव्हती. मालाचं कुणी त्याला विचारलं नाही, त्यानंही नाही. विचारणार तरी कोणत्या तोंडानं? नणंद तीनला आली. मळणी अर्धवट टाकून, अंगावर भुस्सा तसाच. ती आईच्या अंगावर पडून जे ओरडली ते मला लिहिता येत नाही.

राख सावडून आलो त्या दिवशी घरात आंबूस वास सुटला होता. बायका म्हणाल्या, दुखण्याचा वास राहतो घरात. मला ठाऊक होतं, तो मागच्या शेडमधल्या गोळ्यांचा होता. संध्याकाळी नवऱ्यानं ते पाटीत भरून ओढ्यापलीकडे नेले आणि खड्डा खणून पुरले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. आल्यावर म्हणाला, "आईला जाळलं, अन् खवा पुरून आलो."

तेरा दिवसांनी भट्टी पेटवली तेव्हा अठरांतली सहा घरं परत आली. व्यापाऱ्यानं मालासाठी दुसरी भट्टी धरली होती. वर्षभर ओढाताण केली, मग भट्टी मोडली आणि शेडचे पत्रे विकले. नवरा आता हायवेवरच्या त्याच मोठ्या भट्टीत हाटायला जातो. मी घरी शिलाई मशीन घेतलंय. ब्लाऊज, फॉल, पिको. म्हणजे परत मालकीणच. कुणाचं लग्न निघालं की माझं जेवण बंद. पण हे रडगाणं सगळ्यांचंच आहे, त्यासाठी मी लिहायला बसले नाही.

तेरावा झाला त्या दिवशीची गोष्ट आहे. पाहुणे पांगले होते. नणंद जायला निघाली, पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि थांबली.

"दादा, आईचा जीव गेला तवा जवळ कोण होतं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगणार होते की नाही, मला माहीत नाही. पण नवरा माझ्याआधी बोलला. "हीच होती की. हिच्या मांडीवर डोकं होतं. पाणी पाजलं हिनं."

नणंदेनं माझे दोन्ही हात धरले. कढईच्या चटक्यांनी काळे पडलेले हात. ते तिनं स्वतःच्या कपाळाला लावले आणि ढसाढसा रडली. "वहिनी, मी पोटची असून मला जमलं न्हाय. तुमी केलंत." मी हात सोडवून घेतले नाहीत. नवरा अंगणात जाऊन उगाच मोटारसायकल पुसत बसला.

तेव्हापासून अणदूरला माझी कीर्ती आहे. नणंद चार बायकांत माझं नाव सांगते. पंचमीला स्वतः येऊन मला साडी नेसवते. नको म्हटलं तर तिला वाटतं, वहिनीचा मोठेपणा.

मागच्या महिन्यात तिची सासू खाटेला लागली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तिचा दुपारी फोन आला. मी मशीनवर होते, पाय तसाच चालू होता.

"वहिनी, मला लई भ्या वाटायलंय. शेवटच्या घडीला माणसाला काय होतं? काय करायचं असतं? तुमी जवळून बघितलंय."

मी मशीन थांबवलं. तिच्याकडून एवढं मिळाल्यावर एकदा तरी तिला खरं सांगावं असं वाटलं, आणि मी खरंच सांगितलं.

"मला माहीत न्हाय, वन्सं. खरंच माहीत न्हाय."

पलीकडून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझीच चूक झाली, वहिनी. तुमाला ते पुन्हा आठवायला लावलं. राहू द्या, रडू नका." आणि तिनं फोन ठेवला.